कोनाड्यामागची खिडकी

बेंगळुरूत एसी कशाला हवा, असं म्हणणाऱ्यांत मीसुद्धा होते. निपाणीहून लग्न होऊन चामराजपेटेतल्या या घरात आले, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पहिल्याच उन्हाळ्यात मी आईला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं की इथे एप्रिलमध्येही पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, ते तर पंख्यालाही नावं ठेवत. पंख्याच्या वाऱ्यानं सांधे धरतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

पुढे हळूहळू इथली हवा बदलली आणि माझं शरीरही बदललं. चार वर्षांपूर्वी माझा डावा पाय अधूनमधून जड पडायला लागला. जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते कळायचं नाही. बऱ्याच तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं की माझ्या मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजलं आहे. औषधं आहेत, आजार आटोक्यात राहील, पण उन्हाळा सांभाळा, असं त्या म्हणाल्या.

"अंग तापलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. अंग थंड झालं की परत पोचतो. घाबरू नका, पण तापू देऊ नका."

सांगायला सोपं होतं. मार्चच्या दुपारी दोन वाजता आमच्या घरात मी मानेवर ओला टॉवेल आणि पायाखाली पाण्याची बादली घेऊन बसायची, तरी पाय लोण्यासारखे मऊ पडायचे आणि डोळ्यांपुढे धुकं यायचं. संध्याकाळी पाच वाजता मात्र मी परत ठीकठाक. त्यामुळे सुरुवातीला मलाच वाटायचं की आपण उगाच बाऊ करतोय.

यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दोन गल्ल्या सोडून लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवळांची सेवापत्रकं असली कामं. आलेली प्रुफं मी घरी बसून तपासते. लग्नानंतर दोन वर्षांत कन्नड वाचायला शिकले ती याच कामामुळे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी एक पत्रिका तपासून दिली. मुहूर्ताची तारीख सतरा होती, ती अकरा छापली गेली होती आणि माझ्या डोळ्यांना तो एक सातासारखाच दिसला. पत्रिका छापून, खोक्यांत भरून मुलीच्या वडिलांच्या हातात गेल्यावर चूक लक्षात आली. ते गृहस्थ सज्जन होते, रागावले नाहीत, नुसते खोक्याकडे बघत राहिले. यांनी दोन दिवसांत सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि मला एक शब्द बोलले नाहीत. त्या न बोलण्यानं मला जास्त रडू आलं.

"आता एसी बसवायचाच," रात्रीच्या जेवणाला बसताना हे म्हणाले.

आठवड्याभरात माझ्या नणंदेचा जे. पी. नगरहून फोन आला. ती नव्या फ्लॅटमध्ये राहायला चालली होती आणि तिच्या जुन्या घरातला खिडकीत बसवायचा एसी तिला तिथे लावता येणार नव्हता. "वहिनी, दोनच उन्हाळे वापरलाय. तुम्ही नाही म्हणालात तर मी टेम्पोतून पाठवून देणार," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पाठवलासुद्धा. तो जड डबा बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात येऊन बसला. अण्णांनी त्यावर जुनी चादर टाकली, धूळ बसू नये म्हणून.

प्रश्न आता जागेचा होता. आमचं घर लांबट, रेल्वेच्या डब्यासारखं. पुढे रस्त्याकडची खोली, मध्ये आमची झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. खिडक्या दोनच, एक रस्त्यावर आणि एक स्वयंपाकघरात. मधल्या खोलीला खिडकी नव्हती, छपरात बसवलेल्या काचेच्या एका कौलातून काय येईल तेवढा उजेड.

"माझी खिडकी घ्या," अण्णा लगेच म्हणाले.

रस्त्याकडची ती खिडकी म्हणजे अण्णांचा सगळा दिवस. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यांमुळे बाहेर जाणं बंद झालेलं. सकाळी फुलवाली त्याच खिडकीतून त्यांच्या हातात मोगरा देते, ऑटोवाले थांबून राजकारणावर बोलतात, शाळेतून परतणारी पोरं त्यांना वेळ विचारतात. ती खिडकी एसीच्या डब्यानं बंद करून मी गार हवेत बसायचं, हे मला पटेना. मी नको म्हटलं. अण्णा म्हणाले, "मी दारात खुर्ची टाकून बसेन. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं." आमचं हे भांडण दोन दिवस चाललं आणि दोन्ही दिवस दुपारी मी बादलीत पाय घालून बसले होते.

तिसऱ्या दिवशी यांनी एका मेकॅनिकला बोलावलं. साठीचे, पांढरी दाढी, बाजारापलीकडे त्यांचं दुरुस्तीचं दुकान. दखनी हिंदीत बोलायचे. एसीकडे बघायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दुपारी कुठे असता?"

मी म्हटलं, "कुठेही. जिथे जरा बरं वाटेल तिथे."

"तसं नाही. सगळं घर गार करणं या डब्याच्या ताकदीबाहेरचं आहे. एक खोली गार होईल, तीही दार लावलं तर. ती कुठली, ते आधी ठरवा. खिडकी मग बघू."

मग ते घरभर फिरले. पुढच्या खोलीत अण्णांच्या खिडकीपाशी उभे राहिले, गजातून हात बाहेर काढला. खिडकी पश्चिमेची. दुपारनंतर ऊन थेट यंत्राच्या पाठीवर येणार, म्हणजे ज्या वेळी गारवा हवा त्याच वेळी यंत्र दमणार. शिवाय फुटपाथ खिडकीला लागूनच. यंत्राची पाठ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्याला लागेल आणि गरम वारा त्यांच्या तोंडावर जाईल. "हे बरोबर नाही," ते म्हणाले. अण्णांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी मुद्दाम बघितलं नाही. स्वयंपाकघरात तर ते क्षणभरच थांबले. शेगडी पेटलेल्या खोलीत एसी लावणं म्हणजे दोघांची कुस्ती, असं म्हणून ते बाहेर आले.

शेवटी मधली खोली. ती आतली म्हणून त्यातल्या त्यात कमी तापणारी, छत उंच, दार एकच. खोली त्यांना पसंत पडली, पण यंत्राची पाठ मोकळ्या हवेत जायला हवी आणि इथे तर चारी बाजूंना भिंती. ते भिंतींवर बोटाची पेरं आपटत फिरले. उत्तरेकडच्या भिंतीत एक मोठा कोनाडा आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात माझी पुस्तकं आणि औषधांचा डबा असतो. मेकॅनिकनी पुस्तकं बाजूला करून आतल्या पाठीवर टकटक केली. पुन्हा बाजूच्या भिंतीवर केली. आवाज वेगळा होता.

"ही भिंत दीड हात जाड आहे. आणि इथे एकाच विटेची. यामागे काय आहे?"

यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. दारात काठी टेकून उभे असलेले अण्णा म्हणाले, "खिडकी होती."

हे या घरात जन्मले, पण ती भिंत घातली गेली तेव्हा जेमतेम चालायला लागले असतील. त्यांनाही माहीत नव्हतं. अण्णा कॉटवर बसले आणि सांगायला लागले. भिंतीपलीकडे शेजारच्या अक्कांचं मागचं अंगण. अक्कांचे यजमान आणि अण्णा एकाच वयाचे, जिवाभावाचे मित्र. या खिडकीतून पेपर इकडून तिकडे जायचा, कॉफीचा पेला तिकडून इकडे यायचा. एकदा कशावरून तरी, कशावरून ते अण्णांना आता नीट आठवतही नव्हतं, दोघांचा शब्दाला शब्द लागला आणि मित्र म्हणाला, तुमची खिडकी माझ्या अंगणात उघडते, घरच्या बायका तिथे वावरतात, ती बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गवंडी बोलावून खिडकी बुजवली. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. मित्र बारा वर्षांपूर्वी गेला.

"आता तिथे कुठल्या तोंडानं विचारायला जाणार?" अण्णा म्हणाले. "जागा त्यांची आहे. गरम हवा त्यांच्या अंगणात जाणार. नको."

मेकॅनिकनी आपली पिशवी उचलली. "विचारल्याशिवाय मी वीट काढणार नाही. विचारून ठेवा, मला फोन करा," एवढं बोलून ते गेले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. यांनी सोबत येतो म्हटलं, पण मला एकटीलाच जायचं होतं. इतक्या वर्षांत अक्कांशी माझा संबंध दारापुरताच होता. संक्रांतीला त्यांच्याकडून एळ्ळू-बेल्ल यायचं, आमच्याकडून तिळगूळ जायचा, दोन्ही उंबऱ्याबाहेरून. भांडण नव्हतं, नुसती सवय होती. त्या सवयीचं कारण मला काल कळलं होतं.

अक्का ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, घट्ट अंबाडा. मला भिंतीला धरून येताना बघून त्या उठल्या आणि मला हाताला धरून आत नेलं, शेंगांचं ताटही आत आणलं. आमचं बोलणं कन्नडमध्येच झालं. मी आजारपण सांगितलं, एसीचं सांगितलं आणि शेवटी कोनाड्याचं सांगितलं. सांगताना माझा आवाज खाली खाली जात होता.

अक्कांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "तुला ती खिडकी माहीतच नव्हती?"

"नाही अक्का. मी त्यात पुस्तकं ठेवते."

"आमच्या बाजूनं अजून चौकट दिसते. गिलावा केला तरी रेघ राहिली." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "आमचे हे रागात बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी समजूत काढायला जाणारच होते. अंघोळ करून, शर्ट घालून मागच्या अंगणात आले, तर तुमचा गवंडी विटा लावत होता. तसेच परत आत आले. दोन दिवस थांबले असते तुमचे अण्णा तर काही झालं नसतं."

मी म्हटलं, "अक्का, गरम हवा तुमच्या अंगणात येईल. आवाजही होईल. तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही."

"मला वाटेल की," त्या म्हणाल्या. "चल, दाखव मला, पाणी कुठे पडणार, वारा कुठे येणार."

मागच्या अंगणात एक शेवग्याचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी, धुण्याचा दगड आणि कुंडीत कढीपत्ता. अंगण उत्तरेचं, दुपारी घराच्याच सावलीत. भिंतीवर खरंच चौकोनी रेघ होती. अक्कांनी दोरीकडे बघितलं, हातानं अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "दोरी मी पलीकडे बांधते. पाणी कढीपत्त्याला सोडा. सकाळी मी इथे धुणं धुते, तेव्हा लावू नका."

"फक्त दुपारी लागतो, अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "मग झालं."

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. मित्र शर्ट घालून निघाला होता, हेही सांगितलं. सांगावं की नाही, असा प्रश्न वाटेतच पडला होता, पण लपवायला नको वाटलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्या सकाळी फुलवालीशीही फारसं बोलले नाहीत.

शनिवारी मेकॅनिक एका गवंड्याला घेऊन आले. पुस्तकं आम्ही आधीच काढून ठेवली होती. पहिली वीट निघाली तेव्हा खोलीत उजेडाची एक पट्टी आली आणि तिच्यात धूळ दिसायला लागली. एकेक वीट काढत गेले तशी पट्टी रुंद झाली. ज्या खोलीत मी इतकी वर्षं झोपले, तिच्या फरशीचा रंग हिरवट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला काळीच समजत होते.

सगळ्या विटा निघाल्यावर पलीकडे अक्का उभ्या दिसल्या. हातात कॉफीचे दोन पेले होते. अण्णा काठी टेकत भोकापाशी गेले. दोघांत फक्त चौकट उरली होती.

"अम्मा, मी घाई केली," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले.

"आयतु बिडी," अक्का म्हणाल्या, म्हणजे झालं ते झालं, सोडा, आणि त्यांनी एक पेला त्यांच्या हातात दिला. दुसरा गवंड्याला दिला. अण्णांना साखर चालत नाही, पण त्या दिवशी ते पूर्ण पेला प्यायले आणि मी काही म्हटलं नाही.

बसवायचं काम दुपारपर्यंत चाललं. यंत्राच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंना जाळ्या असतात, त्या जाड भिंतीत दडल्या तर यंत्र गुदमरतं, म्हणून मेकॅनिकनी बाहेरच्या बाजूला लोखंडी स्टँड ठोकून यंत्र पुढे काढलं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, पाणी खोलीत न येता नळीतून कढीपत्त्याच्या कुंडीत जावं म्हणून. मुख्य बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढली, कारण जुन्या वायरीवर भरवसा ठेवायचा नाही, असं त्यांनी यांना बजावलं. खिडकी यंत्रापेक्षा मोठी होती. वरच्या मोकळ्या भागात लाकडी चौकट करून त्यांनी काच बसवायला लावली. "उजेड आलाय तर राहू द्या," ते म्हणाले. फटींत फोम भरला आणि मग आमची कॉट तिरपी करून घेतली, गार झोत थेट माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. जाताना म्हणाले, "पंधरा दिवसांनी जाळी काढून धुवा. आणि दार लावत जा. नाहीतर म्हाताऱ्याचे सांधे धरले म्हणून माझ्या नावानं ओरडतील." अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

पहिल्या दुपारी मी दार लावून प्रुफं घेऊन बसले. एक वाजला, दोन वाजले. मी सारखी आपल्या पायाकडे बघत होते, आता जड पडेल, आता पडेल. अडीच वाजता तहान लागली म्हणून उठले, स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. कॉटवर बसल्यावर लक्षात आलं की जाताना-येताना मी भिंतीला हात लावला नव्हता. मग मी मुद्दाम परत उठले आणि खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून छापखान्यात फोन केला. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. पाणी पिऊन आले." मग मागे मशीनचा आवाज ऐकू येत असताना हे म्हणाले, "बरं झालं."

त्या उन्हाळ्यात मी किती पत्रिका तपासल्या, कोण जाणे. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. थंडीतही एखादा दिवस पाय दगा देतो. पण दुपार मला परत मिळाली. दुपारचे तीन तास म्हणजे दिवसाचा केवढा मोठा भाग असतो, हे तो हातचा गेल्याशिवाय मला कळलं नव्हतं.

मला ही दुपार कुणाकुणाकडून मिळाली, याचा विचार मी पुष्कळदा करते. न विचारता टेम्पो पाठवणारी नणंद. आपली खिडकी द्यायला निघालेले अण्णा, जे मी बोलावलं की आता दुपारी पेपर घेऊन या खोलीत येतात आणि खुर्ची दाराच्या जवळच ठेवतात, सुनेच्या खोलीत फार आत यायचं नाही म्हणून. विचारल्याशिवाय वीट काढणार नाही म्हणणारे मेकॅनिक. यांचं ते गप्प राहणं, ज्याचा अर्थ मी सुरुवातीला राग असा चुकीचा लावला होता.

आणि अक्का. आता मी त्यांच्या घरात जाते, त्या आमच्याकडे येतात. मे महिन्यात दोनदा त्या दुपारी फुलं ओवायला माझ्या खोलीत येऊन बसल्या. एकदा मी धीर करून विचारलं, "अक्का, खरं सांगा, मागे गरम वाऱ्याचा त्रास होतो का?"

मला वाटलं, त्या छे छे म्हणतील. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाल्या, "स्वल्प होतो. पण तुझी चाल बघते ना मी, तेव्हा ठीक आहे."

त्यानंतर मी विचारून त्यांची वेळ ठरवून घेतली. चार वाजता त्या वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात येतात. त्याआधी दहा मिनिटं मी एसी बंद करते, म्हणजे त्या येईपर्यंत तिथली हवा निवलेली असते.